श्रीनगर ते शारजा : अंतर किती, अडवणूक किती?

श्रीनगरहून शारजाला सरळ रेषेत जायचे तर अंतर सुमारे २,०९० किलोमीटर भरते. आजच्या प्रवासी विमानाला हे अंतर म्हणजे साडेतीन तासांचा मामला. दिल्लीहून शारजाला जितका वेळ लागतो, जवळजवळ तितकाच. नकाशावर पट्टी ठेवून रेघ ओढली, तर ती काश्मीर खोऱ्यातून नैर्ऋत्येला निघते, पाकिस्तानी पंजाब आणि बलुचिस्तान ओलांडते आणि ओमानच्या आखातावरून संयुक्त अरब अमिरातीत उतरते. भूगोलाने काश्मिरी माणसाला दिलेली ही सोय आहे. आखातात नोकरी करणारा तरुण, शाली-गालिच्यांचा व्यापारी, सफरचंद आणि चेरी परदेशी पाठवू पाहणारा बागायतदार, उमऱ्याला निघालेला भाविक, या साऱ्यांना ती हवी आहे. दिल्लीच्या विमानतळावर रात्र काढायची, सामान पुन्हा तपासून घ्यायचे, दुसरे तिकीट काढायचे, ही सारी यातायात तिने वाचते.

ही रेघ आजवर दोनदा आखली गेली आणि दोनदा पुसली गेली. पुसणारा हात एकच होता. तो हात इस्लामाबादचा होता आणि याच इस्लामाबादला गेली सात दशके काश्मिरी जनतेच्या दुःखाने अहोरात्र झोप लागत नाही!

पहिला प्रसंग २००९चा. त्या वर्षीच्या फेब्रुवारीत श्रीनगरहून दुबईला थेट विमानसेवा सुरू झाली. श्रीनगरच्या विमानतळाला आंतरराष्ट्रीय दर्जा मिळालेला होता, नवे टर्मिनल उभे राहिले होते. केंद्रात तेव्हा डॉ. मनमोहन सिंग यांचे सरकार होते, म्हणजे ‘हिंदुत्ववाद्यांनी पाकिस्तानला डिवचले’ हे नेहमीचे तुणतुणे वाजवण्याचीही सोय नव्हती. पाकिस्तानने आपल्या आकाशातून जाऊ दिले नाही. विमानाला दक्षिणेकडे उतरून, मोठा वळसा घालून जावे लागू लागले. खर्च परवडेना, प्रवासी रोडावले आणि सेवा बंद पडली.

दुसरा प्रसंग २०२१चा. २३ ऑक्टोबर २०२१ रोजी केंद्रीय गृहमंत्री अमित शहा यांच्या हस्ते श्रीनगर-शारजा थेट सेवेचे उद्घाटन झाले. ‘गो फर्स्ट’ या कंपनीची ही सेवा आठवड्यातून चार दिवस होती. २३, २४, २६ आणि २८ ऑक्टोबरची विमाने पाकिस्तानच्या आकाशातून सुखरूप गेली. त्यानंतर पाकिस्तानने परवानगी नाकारली. २ नोव्हेंबरचे विमान उदयपूर, अहमदाबाद, अरबी समुद्र आणि ओमान असा फेरा मारून शारजाला पोहोचले. भारताने राजनैतिक मार्गाने पाकिस्तानकडे विनंती केली. उपयोग शून्य.

येथे एक तपशील नजरेआड होता कामा नये. २०२१च्या त्या हिवाळ्यात पाकिस्तानचे आकाश भारतासाठी बंद नव्हते. दिल्लीहून युरोपला, अमेरिकेला जाणारी भारतीय विमाने रोज त्याच आकाशातून जात होती. इतकेच काय, ऑक्टोबरच्या अखेरीस पंतप्रधान नरेंद्र मोदी जी-२० परिषदेसाठी रोमला गेले, तेव्हा त्यांच्या विमानालाही पाकिस्तानने वाट दिली. म्हणजे दिल्लीकराला वाट आहे, मुंबईकराला आहे, खुद्द भारताच्या पंतप्रधानांना आहे. वाट नाही ती एकट्या श्रीनगरकराला!

काश्मिरींचा कैवार घेणाऱ्या राष्ट्राची ही तऱ्हा. शेजारच्या घरातील थोरल्या भावाला अंगणातून जाऊ द्यायचे, धाकट्याला मात्र अडवायचे आणि वर गावभर सांगत सुटायचे, की धाकट्याचे आम्ही तारणहार!

यावर ठरलेले उत्तर असे, की श्रीनगर हा ‘वादग्रस्त प्रदेश’ आहे, तेथून सुटणाऱ्या आंतरराष्ट्रीय विमानाला वाट दिली तर भारताचा दावा मान्य केल्यासारखे होईल. युक्तिवाद ऐकायला भारदस्त आहे. पण मग २३ ते २८ ऑक्टोबरच्या दरम्यान गेलेल्या चार विमानांचे काय? त्या सहा दिवसांत श्रीनगर वादग्रस्त नव्हते काय? शिवाय विमानाने कोणाच्या आकाशातून जाणे हा सार्वभौमत्वाचा दाखला ठरत असेल, तर दाखला ज्याचे आकाश त्याचा ठरतो, ज्याचे विमान त्याचा नव्हे. पाकिस्तानकडे परवानगी मागणे म्हणजे ‘हे आकाश तुमचे’ असे मान्य करणे. त्यातून पाकिस्तानचे काय जात होते? काहीच नाही. जात होते ते काश्मिरी प्रवाशाचे, आणि म्हणूनच ते जाऊ दिले गेले.

वळशाचे गणित

वळसा, वळसा म्हणतात तो केवढा, हेही पाहू. श्रीनगरहून अहमदाबादपर्यंत सुमारे बाराशे किलोमीटर, तेथून अरबी समुद्र ओलांडून मस्कतपर्यंत साधारण साडेचौदाशे, पुढे शारजा साडेतीनशेच्या आसपास. बेरीज तीन हजारांवर जाते. दोन हजारांचा प्रवास तीन हजारांचा झाला. विमान ताशी आठशे किलोमीटरच्या वेगाने गेले, तरी एक तासाहून अधिक वेळ वाढला. या जातीचे विमान तासाला दोन टनांहून अधिक इंधन जाळते.

पण गोष्ट इंधनाच्या पैशांपाशी थांबत नाही. श्रीनगरचा विमानतळ समुद्रसपाटीपासून सुमारे १,६५० मीटर उंचीवर आहे, चारी बाजूंना डोंगर. उंचीवरची हवा विरळ असते. तेथून उडताना विमानाला मुंबईहून उडताना नेता येते तेवढे ओझे नेता येत नाही. हवाई अभियांत्रिकीचा हा साधा नियम. लांबच्या वाटेसाठी टाकीत जादा इंधन भरायचे, तर तेवढ्या वजनाचे प्रवासी किंवा माल खाली ठेवावा लागतो. म्हणजे वळशाचा मार तिहेरी : वेळ वाढतो, इंधन वाढते, आणि खर्च भागवणारे प्रवासी व फळांच्या पेट्या मात्र घटतात. त्यातून हिवाळ्यात उत्तर भारतावरून पश्चिमेकडून पूर्वेकडे वेगाने वाहणारे उंचावरचे वारे आखातात जाणाऱ्या विमानाच्या तोंडावर येतात. जाताना जास्त वेळ, येताना कमी. ऐन नोव्हेंबरात परवानगी नाकारणाऱ्याला या वाऱ्यांची माहिती नसेल, असे मानणे भाबडेपणाचे आहे.

या गणितात कोणतीही खासगी विमान कंपनी फार काळ तग धरू शकत नाही. ‘गो फर्स्ट’ तर पुढे मे २०२३मध्ये दिवाळखोरीचा अर्ज करून मोकळी झाली. तिच्या बुडण्याची कारणे प्रामुख्याने इंजिनांच्या तुटवड्याशी निगडित होती, तिचे खापर श्रीनगर-शारजावर फोडण्याचे कारण नाही.

आपल्याकडचे वकील

पाकिस्तानने वाट नाकारल्यावर आपल्याकडे काय झाले, हे अधिक उद्बोधक आहे. जम्मू-काश्मीरच्या माजी मुख्यमंत्री मेहबूबा मुफ्ती यांनी तोफ डागली ती दिल्लीवर. केंद्र सरकारने पाकिस्तानची परवानगी मिळवण्याची तसदीही घेतली नाही, हा सारा प्रसिद्धीचा देखावा होता, असा त्यांचा सूर. वाट अडवली पाकिस्तानने, दोष मात्र वाट चालणाऱ्याचा! इस्लामाबादला दोन शब्द सुनावणे त्यांना सुचले नाही. काश्मिरींच्या नावाने राजकारण करणाऱ्यांची ही खोड जुनी आहे. दिल्लीपुढे त्यांची वाणी गंगेच्या पुरासारखी वाहते, रावळपिंडीचे नाव निघाले की घशाला कोरड पडते.

तरीही त्यांच्या आरोपातील एक अंश उचलून घेतला पाहिजे, कारण तो खरा आहे. २००९चा अनुभव दिल्लीच्या फायलींमध्ये होता. पाकिस्तान या मार्गावर काय करतो, हे नागरी विमान वाहतूक मंत्रालयाला ठाऊक असायला हवे होते. पहिल्या काही दिवसांच्या परवानगीवर विसंबून एवढा गाजावाजा करणे, आणि वाट बंद झाली तर पुढे काय याचा दुसरा आराखडा तयार न ठेवणे, ही ढिलाई होती. सरकार आपल्या विचारांचे आहे म्हणून ढिलाईला दूरदृष्टी म्हणता येत नाही. शत्रूच्या सद्भावनेवर बेतलेले वेळापत्रक हे वेळापत्रकच नव्हे.

दुसरा आक्षेप पुरोगामी विचारवंतांचा. ते म्हणतात, आकाश बंद करण्याची सुरुवात तर १९७१मध्ये भारतानेच केली होती, मग आता तक्रार कसली? इतिहासाचे अर्धे पान वाचून दाखवण्यात या मंडळींचा हात कोणी धरणार नाही. तेव्हा उरलेले अर्धे पानही वाचले पाहिजे.

कराची ते ढाका

३० जानेवारी १९७१ रोजी इंडियन एअरलाइन्सचे ‘गंगा’ नावाचे फॉकर फ्रेंडशिप विमान श्रीनगरहून जम्मूकडे जात असताना पळवून लाहोरला नेण्यात आले. होय, तेव्हाही विमान श्रीनगरचेच होते. अपहरणकर्त्यांना लाहोरच्या विमानतळावर वीरांचा मान मिळाला. झुल्फिकार अली भुट्टो स्वतः त्यांना भेटले. २ फेब्रुवारीला, पाकिस्तानी सुरक्षा दलांच्या डोळ्यांदेखत, ते विमान जाळण्यात आले. (पुढे हे सारे प्रकरण अंगलट आल्यावर पाकिस्तानच्या चौकशी आयोगाने तो भारताचाच कट ठरवला. ज्यांना हार घातले ते एका रात्रीत हेर झाले!) ४ फेब्रुवारीला इंदिरा गांधींच्या सरकारने भारतावरून जाणाऱ्या सर्व पाकिस्तानी विमानांना बंदी घातली.

या एका निर्णयाने काय झाले, ते नकाशा समोर ठेवल्याशिवाय कळत नाही. तेव्हाचा पाकिस्तान दोन तुकड्यांत विभागलेला होता आणि मध्ये भारत पसरलेला होता. कराची ते ढाका हे अंतर भारतावरून सुमारे २,३५० किलोमीटर. बंदीनंतर पाकिस्तानी विमानांना भारतीय द्वीपकल्पाला वळसा घालून, कोलंबोला इंधन घेऊन ढाक्याला जावे लागले. हा प्रवास साडेचार हजार किलोमीटरहून अधिक, म्हणजे दुपटीच्या घरात. मार्च १९७१मध्ये पूर्व पाकिस्तानात जनता पेटून उठली, लष्कराने निःशस्त्र बंगाली लोकांवर हत्याकांड आरंभले, तेव्हा याह्याखानाला प्रत्येक तुकडी, प्रत्येक पेटी याच लांबच्या वाटेने पाठवावी लागत होती. ज्यांना १९७१च्या विजयात केवळ डिसेंबरचे चौदा दिवस दिसतात, त्यांनी फेब्रुवारीतल्या या निर्णयाकडेही पाहावे. राजकीय मतभेद असले तरी इंदिराजींच्या त्या निर्णयाचे श्रेय नाकारता येणार नाही.

पाकिस्तानने आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेच्या परिषदेकडे तक्रार केली. १९४४च्या शिकागो कराराने आणि त्यासोबतच्या संक्रमण कराराने सभासद राष्ट्रांच्या विमानांना एकमेकांच्या आकाशातून न थांबता जाण्याची मुभा आहे, ती भारताने मोडली, असा त्याचा दावा. परिषदेला हा विषय हाताळण्याचा अधिकारच नाही, असे म्हणत भारत हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात गेला. १८ ऑगस्ट १९७२ रोजी न्यायालयाने भारताचे म्हणणे फेटाळले. परिषदेला अधिकार आहे, असा निर्वाळा दिला. कायद्याच्या पुस्तकात भारत हरला. पण तोवर ढाका ही स्वतंत्र बांगलादेशाची राजधानी झालेली होती आणि कराचीहून तेथे जायला पाकिस्तानी विमानांना कारणच उरले नव्हते. पुढे १९७६मध्ये दोन्ही देशांनी समझोता करून वाट मोकळी केली, तक्रारही मागे पडली.

आता या दोन प्रसंगांची तुलना करा. १९७१मध्ये भारताचे प्रवासी विमान पळवले गेले होते, जाळले गेले होते. बंदी सर्व पाकिस्तानी विमानांना होती, कारण उघडपणे सांगितले होते. २०२१मध्ये कोणाचे विमान पळवले गेले होते? कोणती चकमक झडली होती? उलट त्याच वर्षीच्या फेब्रुवारीत दोन्ही सैन्यांनी नियंत्रण रेषेवर शस्त्रसंधी पाळण्याचे जाहीर केले होते. शांततेच्या काळात, बाकी सर्वांना वाट देऊन, एकाच शहराच्या नागरिकांची वाट अडवणे याला सार्वभौम राष्ट्राचा सुरक्षाविषयक निर्णय म्हणत नाहीत. त्याला आकस म्हणतात. हा आकस भारत सरकारवर काढायचा होता, पण बसला तो काश्मिरी माणसाच्या खिशावर.

तोट्याचे हिशेबनीस

डिसेंबर २००१मध्ये संसदेवर हल्ला झाला. १ जानेवारी २००२पासून दोन्ही देशांची आकाशे एकमेकांना बंद झाली, ती १ जानेवारी २००४पर्यंत. २०१९मध्ये बालाकोटच्या कारवाईनंतर २७ फेब्रुवारीला पाकिस्तानने आकाश बंद केले, ते १६ जुलैला उघडले. एअर इंडियाला त्या काळात २ जुलैपर्यंत ४९१ कोटी रुपयांचा फटका बसल्याचे सरकारने संसदेत सांगितले. इंडिगोच्या दिल्ली-इस्तंबूल विमानाला इंधनासाठी दोह्याला उतरावे लागत होते. पाकिस्तानचे तरी काय भले झाले? त्यांच्याच हवाई वाहतूक मंत्र्यांनी साडेआठ अब्ज पाकिस्तानी रुपयांचा तोटा झाल्याचे कबूल केले. आधीच कटोरा घेऊन दारोदार फिरणाऱ्या देशाला हा शौक महागात पडला.

आणि मग २०२५. २२ एप्रिलला पहलगामच्या बैसरन पठारावर २६ निरपराधांची हत्या झाली. त्यांत महाराष्ट्राचे सहा जण होते. भारताने सिंधू जलकरार स्थगित केला. २४ एप्रिलला पाकिस्तानने भारतीय विमानांना आकाश बंद केले, ३० एप्रिलला भारताने पाकिस्तानी विमानांना. त्यानंतर दोन्हीकडून महिन्यामहिन्याने मुदतवाढीची पत्रके निघत राहिली. दिल्लीहून उत्तर अमेरिकेला जाणारी एअर इंडियाची विमाने व्हिएन्ना, कोपनहेगन येथे इंधनासाठी थांबू लागली. इंडिगोने ताश्कंद आणि अल्माटीच्या सेवा थांबवल्या, कारण त्या विमानांच्या इंधनाच्या टाक्यांत एवढ्या वळशाची ताकदच नव्हती. १ सप्टेंबर २०२५पासून एअर इंडियाने दिल्ली-वॉशिंग्टन सेवा बंद केली. विमानांची कमतरता आणि पाकिस्तानचे बंद आकाश, अशी दोन्ही कारणे तिने दिली. वर्षभर हीच स्थिती राहिल्यास साठ कोटी डॉलरचा फटका बसेल, असा अंदाज कंपनीने सरकारला कळवल्याचे वृत्त आले.

हे आकडे प्रसिद्ध होताच आपल्याकडचे हिशेबनीस जागे झाले. भारताचा तोटा अधिक, पाकिस्तानचा कमी. तेव्हा नमते घेऊन आकाश उघडून घ्या, असा उपदेश इंग्रजी स्तंभांतून झरू लागला. बेरीज-वजाबाकी त्यांची बरोबर आहे. भारताची विमाने जास्त, पश्चिमेकडे जाणारे भारतीय जास्त, म्हणून भारताचा तोटा जास्त. ज्याचा संसार मोठा, त्याचा खर्च मोठा. पाकिस्तानच्या राष्ट्रीय कंपनीकडे उडण्याजोगी विमानेच मोजकी, तिचा तोटा होणार कितीसा? पण तोट्याचा आकडा मोठा म्हणून नमते घ्यायचे, हे शास्त्र एकदा मान्य केले, की उद्या कोणीही दरिद्री शेजारी श्रीमंत शेजाऱ्याच्या वाटेत काटे टाकून खंडणी मागेल. शिवाय पाकिस्तानचा तोटा नगण्य आहे, हेही खरे नव्हे : २४ एप्रिल ते ३० जून या दोन महिन्यांतच चार अब्जांहून अधिक पाकिस्तानी रुपयांचे उत्पन्न बुडाल्याचे त्यांच्या संरक्षण मंत्रालयाने तिथल्या संसदेत सांगितले.

प्रश्न नमते घेण्याचा नाही. तोटा कोणी सोसायचा, याचा आहे. आकाश बंद झाले ते राष्ट्राच्या धोरणाची प्रतिक्रिया म्हणून. मग त्याचा भार एकट्या विमान कंपनीने आणि तिच्या प्रवाशांनी का वाहावा? सीमेवरील गावांचे नुकसान राष्ट्र भरून देते, तसेच आकाशातील सीमेचेही दिले पाहिजे. आणि आखाती विमान कंपन्यांचे काय? आपल्या कंपन्या वळसे घालत असताना दुबई, दोहा आणि अबू धाबीच्या कंपन्या पाकिस्तानच्या आकाशातून बिनघोर ये-जा करीत राहिल्या आणि भारतीय प्रवासी त्यांच्याकडे वळला. त्याला तरी दोष कसा द्यायचा? त्याला स्वस्त आणि लवकर जायचे आहे.

या परावलंबनाची मुळे जुनी आहेत. ऑगस्ट २००७मध्ये एअर इंडियाने मुंबई-न्यूयॉर्क ही सुमारे साडेबारा हजार किलोमीटरची विनाथांबा सेवा सुरू केली, ती बोइंग ७७७-२००एलआर या लांब पल्ल्याच्या विमानांनी. अशी आठ विमाने भारताने घेतली होती. त्यांतील पाच संयुक्त पुरोगामी आघाडीच्या काळात २०१३-१४मध्ये अबू धाबीच्या एतिहाद कंपनीला विकून टाकण्यात आली. त्याच २०१३मध्ये अबू धाबीला भारतात येण्याजाण्यासाठीची आठवड्याची आसनसंख्या सुमारे १३ हजारांवरून ५० हजारांपर्यंत वाढवून देण्यात आली. आपली लांब पल्ल्याची विमाने त्यांना विकायची आणि आपले प्रवासीही त्यांनाच द्यायचे, असा तो उदारपणा! उरलेल्या तीन विमानांनी पुढे काय केले ते पाहा. ऑक्टोबर २०१६मध्ये त्यांतल्याच एका विमानाने दिल्लीहून सॅन फ्रान्सिस्कोला नेहमीच्या अटलांटिकऐवजी प्रशांत महासागरावरून झेप घेतली. अंतर वाढून १५,३०० किलोमीटर झाले, पण पाठीवरच्या वाऱ्यामुळे ते साडेचौदा तासांतच कापले गेले. पश्चिमेच्या वाटेने हाच प्रवास कमी अंतराचा असून जास्त वेळ घेत होता. पल्ला हाताशी असलेले विमान असे वारा पाहून वाट निवडते. ज्याच्याकडे पल्ला नाही, त्याला शेजाऱ्याच्या दयेवर उडावे लागते.

गारांच्या वादळात

२१ मे २०२५ रोजी दिल्लीहून श्रीनगरला निघालेले इंडिगोचे विमान पठाणकोटजवळ गारांच्या वादळात सापडले. विमानात सव्वादोनशे माणसे होती. वैमानिकाने वादळ टाळण्यासाठी सीमेकडे वळण्याची परवानगी मागितली. लष्करी तणावाचे दिवस होते, आपल्या उत्तर नियंत्रण कक्षाला ती देता आली नाही. मग वैमानिकाने लाहोरच्या नियंत्रण कक्षाकडे थोडा वेळ पाकिस्तानच्या आकाशात शिरू देण्याची विनंती केली. लाहोरने नकार दिला. विमान वादळातूनच गेले, नाकाचा पुढचा भाग फुटला, आतल्या माणसांनी मृत्यू समोर पाहिला. वैमानिकांच्या कौशल्यामुळे ते श्रीनगरला सुखरूप उतरले.

तणावाच्या काळात आकाश बंद ठेवणे समजू शकते. संकटातील प्रवासी विमानाला चार मिनिटांची वाट नाकारणे ही वेगळी गोष्ट आहे. विमान श्रीनगरला चालले होते, त्यात काश्मिरी प्रवासीही होते. काश्मिरींसाठी ज्यांचे हृदय तिळतिळ तुटते, त्यांच्या लाहोरातील नियंत्रण कक्षात त्या दिवशी ते तुटले नाही.

दिल्लीने आता काय करावे? पाकिस्तानच्या आकाशावाचून चालणारी श्रीनगर-आखात सेवा उभी करणे अशक्य नाही. गुवाहाटीहून ढाका आणि पूर्वेकडील देशांना जोडणाऱ्या विमानांसाठी २०१९मध्ये आसाम सरकारने रिकाम्या आसनांचा भार उचलण्याची योजना राबवली होती. तीच पद्धत श्रीनगरला लागू करता येईल : वळशामुळे जितके इंधन जादा जाळावे लागते, तितके केंद्राने आणि जम्मू-काश्मीर सरकारने मिळून भरून द्यावे. जम्मू-काश्मीरने विमान इंधनावरील मूल्यवर्धित कर २०२०मध्ये साडेसव्वीस टक्क्यांवरून एक टक्क्यावर आणलेलाच आहे, तेव्हा निम्मे काम झाले आहे. उंचीमुळे श्रीनगरहून पूर्ण ओझे नेता येत नसेल, तर अहमदाबादला इंधनासाठी थांबा द्यावा. प्रवाशाने खाली उतरण्याची गरज नाही, सामान पुन्हा तपासण्याची गरज नाही. वेळ साडेपाच-सहा तास होईल. आज श्रीनगरहून दिल्लीला जाऊन, तेथे ताटकळून, पुढचे विमान पकडून शारजाला पोहोचणाऱ्याला त्याहून जास्तच वेळ लागतो. हिशेब तोट्याचा दिसेल. पण काश्मीर खोऱ्यावर आजवर झालेल्या खर्चात आठवड्यातील चार विमानांचे जादा इंधन म्हणजे दर्यामें खसखस.

एक गोष्ट मात्र या वेळी आधीच करावी. उद्घाटनाचा नारळ फोडण्यापूर्वी मंत्रालयाने मस्कत आणि अहमदाबाद मार्गे जाणारे वेळापत्रक छापून हातात ठेवावे, तिकिटे त्याच वेळापत्रकावर विकावीत, आणि इस्लामाबादला परवानगीसाठी पत्रच पाठवू नये.